दुरुस्तीचा खर्च कशाशी ताडून पाहायचा?

पत्राचा सारांश : पत्र पाठवणाऱ्या भगिनी पारोळा तालुक्यात राहतात आणि अमळनेरच्या बाजूला १८ किलोमीटरवरच्या माध्यमिक शाळेत शिकवतात. यजमानांचे खते-बियाण्यांचे दुकान आहे. मुलगी पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०११ साली घेतलेली पेट्रोलवरची छोटी गाडी त्या स्वतः चालवतात. गाडीचे १,०८,००० किलोमीटर झाले असून तिची १५ वर्षांची नोंदणी थोड्याच महिन्यांत संपते आहे. गेल्या वर्षभरात गाडी तीनदा रस्त्यात उभी राहिली. गॅरेजने ४६,००० रुपयांचा अंदाज दिला आहे, त्यात चार टायर १४,०००, क्लच ८,५००, पुढचे सस्पेन्शन ८,५००, एसी ८,००० आणि रेडिएटर ७,००० अशी कामे आहेत. गाडीला बाजारात सुमारे १,१०,००० रुपये येतील. दीर म्हणतात, "वहिनी, निम्म्या किमतीची दुरुस्ती करण्यापेक्षा ती विका आणि हप्त्यावर नवी घ्या, नाहीतरी १५ वर्षांनी ती भंगारातच घालावी लागणार आहे." शाळेच्या आवारात सहकाऱ्यांच्या नव्या गाड्यांशेजारी ही गाडी लावताना संकोच वाटतो, असेही त्यांनी लिहिले आहे. त्यांचा प्रश्न असा, की या गाडीवर पैसे घालणे हा मूर्खपणा ठरेल का?

ताई,

तुमच्या दिरांच्या बोलण्यातले शेवटचे वाक्य आधी बाजूला काढू, कारण ते वस्तुस्थितीला धरून नाही आणि त्याच्याच धाकाने अनेक जण चांगल्या गाड्या मातीमोल भावात देऊन टाकतात. १५ वर्षांनंतर पेट्रोल गाडी रस्त्यावर आणण्याला जी बंदी चर्चेत असते, ती दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्राशी संबंधित आहे. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या खासगी गाडीला ती लागू नाही. आपल्याकडे १५ वर्षे पूर्ण झाल्यावर परिवहन कार्यालयात गाडी दाखवून नोंदणीचे नूतनीकरण करता येते आणि ते पुढील पाच वर्षांसाठी मिळते. मोटारीसाठी त्याचे शुल्क २०२२ च्या एप्रिलपासून ५,००० रुपये आहे. शिवाय राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो, आणि २०१९ च्या एप्रिलपूर्वीची गाडी असल्यामुळे उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली असावी लागते. म्हणजे कायदा तुम्हाला गाडी मोडीत काढायला सांगत नाही, ती तपासून घ्यायला सांगतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ४६,००० रुपये हे १,१०,००० च्या तुलनेत फार आहेत, असे तुम्ही धरून चालला आहात. गाडी विकायला काढली असती, तर ही तुलना योग्य होती, कारण विकाऊ गाडीवर घातलेला पैसा विकताना वसूल होत नाही. तुम्हाला मात्र गाडी विकायची नाही, रोज शाळेत जायचे आहे. तेव्हा हा खर्च पुढची दोन-तीन वर्षे शाळेत जाण्या-येण्याला दुसऱ्या मार्गाने जो खर्च येईल, त्याच्याशी ताडून पाहायला हवा. गाडीची बाजारातली किंमत त्या हिशेबात येते, पण एका कोपऱ्यात.

हा हिशेब मी मुद्दाम नव्या गाडीला झुकते माप देऊन मांडतो. तुम्ही जुनी गाडी विकून आलेल्या पैशात पाच लाखांचे कर्ज घालून साधारण सहा लाखांची गाडी घेतली, व्याज साडेनऊ टक्के आणि मुदत पाच वर्षे धरली, तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,५०० रुपये येतो. पहिल्या तीन वर्षांत त्यातले एक लाखाहून थोडे जास्त निव्वळ व्याजात जातील. सहा लाखांच्या गाडीची किंमत तीन वर्षांत दोन लाखांनी उतरली असे मानू. सर्वसमावेशक विमा आणि सर्व्हिसिंग मिळून वर्षाला २०,००० धरू. पेट्रोल कमी लागेल, त्याचे तीन वर्षांचे ३५,००० वजा करू. तरीही तीन वर्षांत खरोखर खर्च होणारी रक्कम सव्वातीन लाखांच्या पुढे जाते. जुन्या गाडीचे पाहा. सध्याची दुरुस्ती ४६,०००, ब्रेकचे काम ६,००० (ते का, हे पुढे सांगतो), नोंदणी ५,०००, नेहमीची देखभाल वर्षाला १२,०००, अचानक उद्भवणाऱ्या कामांसाठी वर्षाला १०,००० आणि तीन वर्षांत गाडीची उतरणारी किंमत ६०,०००. ही बेरीज १,८३,००० रुपये होते. विमा आणि पर्यावरण कर धरूनही ती दोन लाखांच्या आसपास राहील. फरक सव्वा ते दीड लाखांचा आहे. फार मोठा नाही, हे मी मान्य करतो, आणि "जुनी गाडी फुकटात पडते" असे सांगणाऱ्यांवर तुम्ही विश्वास ठेवू नये. पण मुलीच्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात दरमहा १०,५०० रुपये बांधून घेणे आणि गरजेप्रमाणे खर्च पुढेमागे करण्याची मोकळीक असणे, यांत जो फरक आहे तो या बेरजेत दिसत नाही.

परंतु हा सगळा हिशेब गाडीचा सांगाडा आणि इंजिन धड आहे, या गृहीतावर उभा आहे. त्यामुळे ४६,००० पैकी एक रुपयाही देण्यापूर्वी दोन तपासण्या करून घ्या. त्यांना फारसे पैसे लागत नाहीत. पहिली गंजाची. गाडी लिफ्टवर घेऊन खालचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या आणि पुढचे शॉकअप जिथे बसतात ती जागा पाहायला सांगा. आतली मॅट उचलून पायाखालचा पत्रा स्वतःच्या अंगठ्याने दाबून पाहा. खान्देशातली कोरडी हवा या बाबतीत आपल्या बाजूची आहे. कोकणातल्या १५ वर्षांच्या गाडीची जी दशा होते, ती इथे सहसा होत नाही. मात्र पावसाळ्यात चाकांच्या वरच्या बाजूला काळी माती चिकटून बसते आणि ती दिवाळीपर्यंत ओल धरून ठेवते, म्हणून पावसाळा संपताच गाडी खालून पाण्याच्या जोराने धुऊन घ्यावी. दुसरी तपासणी इंजिनच्या कॉम्प्रेशनची. चारही सिलिंडर असतील तर चारही, तीन असतील तर तीनही, एकमेकांच्या जवळपास दाब दाखवतात का, हे मिस्त्री मीटर लावून सांगू शकतो. पत्रा जागोजागी सडला असेल किंवा एका सिलिंडरचा दाब फारच खाली असेल, तर माझा सल्ला बदलतो. मग दिरांचे ऐका.

तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग तुम्ही तक्रारीच्या ओघात लिहून गेला आहात. गाडी तीनदा बंद पडली, म्हणून ती "आता भरवशाची राहिली नाही" असा निष्कर्ष तुम्ही काढला. त्या तीन प्रसंगांचे वर्णन पुन्हा वाचा. मे महिन्यात भर दुपारी एरंडोलच्या अलीकडे काटा लाल रेषेवर गेला. दिवाळीच्या सुटीत संभाजीनगरला जाताना कन्नडच्या घाटात बॉनेटमधून वाफ निघाली. तिथल्या मिस्त्रीने "एक पार्ट काढून टाकला, आता गरम होणार नाही" असे सांगितले. तिसऱ्यांदा रेल्वे फाटकावर एसी लावून उभे असताना पुन्हा तेच झाले. हे तीन बिघाड नाहीत, एकच बिघाड तीनदा झालेला आहे, आणि तो एकदाही नीट दुरुस्त झालेला नाही.

घाटातल्या मिस्त्रीने काढलेला भाग बहुधा थर्मोस्टॅट असावा. इंजिन पुरेसे तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ती छोटी झडप असते. ती काढली की गाडी तेवढ्यापुरती थंड राहते, पण इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ लागतो, तोवर ते जास्त पेट्रोल पीत राहते, आणि मूळ कारण जिथल्या तिथेच राहते. तुमचे अ‍ॅव्हरेज १८ वरून १४ वर आले, त्यात या काढून टाकलेल्या भागाचा वाटा असण्याची दाट शक्यता आहे. मूळ कारणाचा माग तुम्हीच दिला आहे : "पाणी कमी झाले की घरच्या बोअरचे भरते." आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतो, हे चहाच्या पातेल्याच्या बुडाशी दिसतेच. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. उद्या सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा. रबरी होस पाइप जिथे रेडिएटरला जोडला आहे, तिथे क्लिपच्या कडेने पांढरी भुकटी जमलेली दिसेल, आणि शेजारच्या प्लास्टिकच्या डब्यातले पाणी हिरवे किंवा लाल असण्याऐवजी विटकरी, गंजाळलेले असेल. गाडी गरम असताना रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नका. आत दाबाखाली कोंडलेले पाणी क्षणात वाफ होऊन अंगावर येते.

म्हणून ७,००० रुपयांचे रेडिएटरचे काम यादीत पहिले ठेवा, आणि ते अर्धवट होऊ देऊ नका. रेडिएटरबरोबर त्याचे झाकण, वरचा-खालचा होस पाइप आणि नवा थर्मोस्टॅट बसवायला सांगा; पंखा ठरलेल्या तापमानाला आपोआप सुरू होतो की नाही, हे गाडी उभी ठेवून, एसी लावून समोर पाहा; वॉटर पंपातून गळती नाही याची खात्री करून घ्या. मग कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे रंगीत द्रव, भरा. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कुलंट कशाला?" असे गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळते. कुलंटचे काम पाणी गोठू न देण्यापुरते नाही. ते उकळण्याचा बिंदू वाढवते, आतल्या धातूला गंजापासून वाचवते आणि पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात त्याची गरज जास्तच आहे. घट्ट कुलंट असेल तर ते डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावे. एक लिटर तयार कुलंट डिक्कीत ठेवा, बोअरच्या पाण्याची बाटली ठेवू नका. आणि काटा पुन्हा वर चढू लागला, तर "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असा विचार न करता लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा, कारण त्या चार-पाच किलोमीटरांत हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागांमधली सांधपट्टी) जळले, तर आपण मांडलेला सगळा हिशेब कोलमडतो. ते आधीच जळलेले नाही ना, हेही पाहून घ्या : ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, चहाच्या रंगाचा साका असेल किंवा कुलंट कुठेही न गळता कमी होत असेल, तर ते वाईट लक्षण आहे.

टायरबाबत घासाघीस करू नका. अनेकांना टायर नुसते गुळगुळीत झाले आहेत की नाहीत, एवढेच पाहायची सवय असते. त्यांचे वय पाहायला हवे. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टायरला बाजूने बारीक भेगा पडतात, नक्षी शाबूत असली तरी. त्याच्या जोडीने अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा सरळ, करून घ्या, पण सस्पेन्शनचे काम झाल्यावर, आधी नाही. सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट सैल असताना केलेले अलाइनमेंट आठवड्यातच बिघडते आणि नवे टायर एका कडेने खाल्ले जातात.

गॅरेजच्या यादीत एसी आहे आणि ब्रेक नाहीत, याचे मला आश्चर्य वाटले. १५ वर्षांच्या गाडीत ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हे बहुतेक मालकांना आठवत नाही. ते हवेतली ओल शोषते आणि दर दोन वर्षांनी बदलायचे असते. पुढचे पॅड, मागचे लायनर, व्हील सिलिंडरची गळती आणि रबरी ब्रेक होस तपासण्यासाठी म्हणून मी वर ६,००० धरले आहेत. आणखी एक गोष्ट विचारा : तुमच्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारी टायमिंग चेन आहे की बेल्ट? ते गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. बेल्ट असेल आणि एक लाख किलोमीटरनंतरही मूळचाच असेल, तर तो आधी बदला, कारण तो तुटला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि मग इंजिनच उघडावे लागते. पेट्रोलच्या रबरी नळ्याही याच वेळी बदलून टाका. आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते त्या काळच्या रबराला मानवत नाही. गाडीत पेट्रोलचा वास येऊ लागला, तर तो कधीही अंगवळणी पडू देऊ नका.

क्लच घसरत नसेल, म्हणजे चौथ्या गिअरमध्ये चढावर एक्सलरेटर दाबल्यावर आवाज वाढून वेग वाढत नाही असे होत नसेल, तर तो काही महिने थांबू शकतो. पेडल जड होणे एवढ्याने तो बदलायचा नसतो, कित्येकदा नुसती केबल बदलून भागते. एसीत "गॅस भरून देतो" म्हणणाऱ्याला आधी गळती कुठे आहे हे दाखवायला सांगा. गळती न काढता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकत नाही. हे दोन्ही पुढे ढकलले, तर आज लागणारी रक्कम ब्रेकचे काम धरूनही ३५,५०० वर येते.

गॅरेजमध्ये बाईमाणूस एकटी गेली की नीट सांगत नाहीत, उलट बोलतात, असे तुम्ही लिहिले आहे. ते खरे आहे आणि त्यावर यजमानांना बरोबर नेणे हा उपाय नाही. ते गाडी चालवत नाहीत, तिचे आवाज तुम्हालाच ठाऊक आहेत. तुम्ही शिक्षिका आहात, तेव्हा वहीची सवय इथे वापरा. एका वहीत तारीख, किलोमीटर, केलेले काम, पार्टचे नाव आणि रक्कम लिहीत चला. काम देण्यापूर्वी यादी लिहून घ्या, काढलेले जुने पार्ट परत मागा, नव्या पार्टचे खोके आणि बिल घ्या. वही उघडून "हा लोवर आर्म १४ महिन्यांपूर्वी बदललाय, मग आता पुन्हा का?" असे विचारणाऱ्या गिऱ्हाइकाशी मिस्त्री वेगळ्या सुरात बोलतो. जळगाव-धुळ्याला जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. दाराचे हँडल, आरसा, मागचा दिवा, सीट असे काही तिथून घ्यायला हरकत नाही. ब्रेक, स्टिअरिंग, टायर, बेल्ट यांत मात्र जुने किंवा लोकल नको.

विम्याबद्दल थोडक्यात. त्रयस्थ पक्षाचा विमा कायद्याने अनिवार्य आहे. सर्वसमावेशक विमा या वयाच्या गाडीला कितपत परवडतो, हे हप्ता आणि गाडीची ठरवलेली किंमत समोर ठेवून पाहा. दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवरही दाव्यात निम्मी घट धरली जाते, त्यामुळे छोट्या अपघातात हातात फारसे पडत नाही.

जुन्या गाडीची बाजू घेताना एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. २०११ च्या अनेक छोट्या गाड्यांप्रमाणे तुमच्या गाडीतही एअरबॅग नाहीत आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. नव्या मोटारींना एबीएस २०१९ च्या एप्रिलपासून आणि चालकाची एअरबॅग त्याच वर्षीच्या जुलैपासून सक्तीची झाली. कितीही चांगला मिस्त्री या गोष्टी आता बसवून देणार नाही. रोजच्या १८ किलोमीटरला, दिवसाउजेडी, बेताच्या वेगाने हा धोका मला स्वीकारण्याजोगा वाटतो; रात्रीच्या वेळी ट्रक-ट्रेलरच्या गर्दीत महामार्गावर वाटत नाही. म्हणून पुण्याला मुलीकडे जायचे असेल तर चाळीसगावहून रेल्वेने जा, लग्नसराईत वर्षातून चार वेळा भाड्याची गाडी करा. त्याचे पैसे वरच्या फरकातून सहज निघतात. पुण्याहून परतल्यावर मुलगीही गाडी चालवणार असेल आणि तिची ये-जा महामार्गावरून असेल, तर गाडी बदलण्याचे ते मात्र पटण्याजोगे कारण आहे, आणि त्या वेळीही थेट नवीच घ्यायला हवी असे नाही. २०२० नंतरची, दोन एअरबॅग असलेली, एका हातची वापरलेली गाडी पाहा. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आल्याने नव्या गाड्या स्वस्त झाल्या, तेव्हा वापरलेल्या गाडीचा भाव करताना नव्या गाडीची आजची किंमत विचारूनच जा.

शाळेच्या आवारातल्या संकोचाबद्दल मी फार लिहिणार नाही. तो खरा असतो आणि हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. एवढेच विचारतो, की त्या रांगेतल्या गाड्यांपैकी किती हप्त्यावरच्या आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा पॉलिश करून, सीट कव्हर बदलून आणि बंपर रंगवून गाडी बरीच उजळते, आणि तो खर्च दोन महिन्यांच्या हप्त्यापेक्षा खूपच कमी असतो. मनाला बरे वाटण्यासाठी म्हणून करायचा असेल, तर खुशाल करा.

उरला प्रश्न थांबायचे कुठे, हा. तो आजच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कारण गॅरेजमध्ये उभे असताना "एवढे केलेच आहे, तर हेही करू" असे होतेच. माझ्या मते सांगाड्यात गंज शिरला, इंजिन उघडण्याची वेळ आली, किंवा कोणत्याही एका वर्षात देखभालीचा खर्च ५०,००० च्या वर जाऊ लागला (हे पहिले वर्ष सोडून), तर थांबावे. विकताना मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी खरेदीदाराच्या नावावर झाल्याचे स्वतः पाहा, नाहीतर पुढच्या अपघाताची नोटीस तुमच्या घरी येईल. मोडीतच काढायची झाली तर रस्त्यावरच्या भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत केंद्रात द्या. तिथून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नवी गाडी घेताना करात सवलत मिळते.

नोंदणीच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो आणि उशीर झाला तर मोटारीला दरमहा ५०० रुपयांचा दंड बसतो. परिवहन कार्यालयात गाडी तपासणीला न्यावी लागते, म्हणून रेडिएटर, ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन ही कामे त्या आधी उरकून घ्या, प्रदूषण चाचणी ताजी ठेवा, आणि क्लच-एसीचा निर्णय गाडी पास झाल्यावर घ्या.